बोट भाईर

१९९३ साली मी नाशिकला प्रशिक्षणाला गेले, त्याला पंधरवडा झाला असेल. संध्याकाळची परेड सुटली होती आणि आमची तुकडी हात पुढे करून एका रांगेत उभी होती. लहानपणी शाळेत नखं तपासायला गुरुजी उभं करायचे, अगदी तसं. उस्ताद एकेकापुढे थांबत, उजव्या हाताची तर्जनी उलटीपालटी करून बघत आणि पुढे सरकत. माझ्यापुढे आले आणि थांबले. माझ्या बोटाच्या पेरावर निळा डाग होता, शिक्क्याच्या शाईचा. तो कुठून आला हे मला कळेना. उस्तादांनी वहीत माझा नंबर लिहिला आणि हळू आवाजात म्हणाले, "बत्तीस. बोट आत गेलं व्हतं."

सरावाच्या पिस्तुलांच्या ट्रिगरला त्यांनी सकाळीच शाई फासून ठेवली होती. दिवसभर आम्ही केलं काय, तर पिस्तूल होल्स्टरमधून काढायचं, दोन्ही हातांनी धरायचं, समोर न्यायचं आणि परत ठेवायचं. ट्रिगर ओढायचा हुकूम एकदाही मिळाला नव्हता. तरी बावीस जणांतल्या चौदा जणांची बोटं निळी निघाली. त्यातल्या प्रत्येकाने शपथेवर सांगितलं असतं की आपण ट्रिगरला हात लावला नाही. मीही सांगितलं असतं.

पोलिसात शिकवणाऱ्या हवालदाराला उस्ताद म्हणतात. आमच्या उस्तादांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते रुचलं नसतं, आणि खरं सांगायचं तर तुकडीत त्यांना नावाने कोणी हाक मारतच नव्हतं. माणदेशातला माणूस. सडसडीत, उन्हाने रापलेला, बोलणं इतकं हळू की ऐकायचं तर आपण गप्प बसलंच पाहिजे. बाकीचे उस्ताद मैदान दणाणून सोडत. हे कधी ओरडले नाहीत आणि शिवी तर मी त्यांच्या तोंडून ऐकलीच नाही. दिवसातून शंभर वेळा एकच वाक्य मात्र कानावर पडायचं: "बोट भाईर." पिस्तुलाच्या चौकटीवर, ट्रिगरच्या वरच्या अंगाला, बोट सरळ ताणलेलं हवं. नेम धरेपर्यंत आणि गोळी घालायची असं मनात पक्कं होईपर्यंत ते तिथेच राहायचं. बोट आत जाणं हा त्यांच्या लेखी निर्णय होता. निर्णयाआधी बोट आत गेलं तर निर्णय आपला राहत नाही, बोटाचा होतो, असं ते सांगायचे.

तेव्हा आमच्याकडे ईशापूरच्या कारखान्यात बनलेलं ९ मिमीचं पिस्तूल होतं. मूळ बनावट ब्राउनिंगची. तेरा गोळ्या मॅगझिनमध्ये दोन ओळींत बसतात, त्यामुळे मूठ जाड. तुकडीत आम्ही मुली तिघीच. माझा पंजा लहान. पहिल्या आठवड्यात एकाने मला ऐकवलंही, की बायकांच्या हातात हे बसत नाही. उस्तादांनी ते ऐकलं आणि काहीच बोलले नाहीत. पण नंतरचे सहा दिवस जेवणाच्या सुट्टीत ते मला सावलीत बसवून नुसती मूठ शिकवत राहिले. अंगठ्याचं बेचकं वर किती चढवायचं, डाव्या हाताने उजव्याला कसं आवळायचं, पंजा लहान असेल तर बोट ट्रिगर गार्डच्या आत घसरायला का बघतं. लहान हाताला बोट बाहेर ताणून ठेवायला जास्त कष्ट पडतात. म्हणून मी तो सराव इतरांच्या दुप्पट करायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं. सवलत दिली नाही, वेळ दिला. माझ्या आयुष्यात असा वेळ फार थोड्या माणसांनी दिला.

पाच आठवडे आमच्या हाती जिवंत काडतूस आलं नाही. शेजारच्या तुकडीचे बार ऐकू यायचे आणि आमचा जीव कासावीस व्हायचा. आम्ही चाराण्याच्या नाण्याशी झटत होतो. रिकाम्या पिस्तुलाच्या स्लाइडवर, पुढच्या माशीच्या, म्हणजे नेम धरायच्या खुणेच्या, मागे नाणं ठेवायचं आणि ते न पाडता ट्रिगर दाबायचा. दाब सावकाश आणि सरळ मागे आला पाहिजे, बाकीच्या बोटांना त्याचा पत्ताही लागता कामा नये. पहिल्या दिवशी माझं नाणं चाळीस वेळा पडलं. पाचव्या आठवड्यात सलग पन्नास वेळा राहिलं. त्याच आठवड्यात बोट स्वच्छ निघायला लागलं. नंतर उस्तादांनी शाई लावणं थांबवलं की चालू ठेवलं हे आम्हाला कळत नसे. डाग पडतच नव्हता.

इथे एका शब्दाविषयी सांगावंसं वाटतं. शस्त्राच्या तालमीत हुकूम आणि धडे हिंदीत असतात. त्यात चांगल्या नेमबाजीची तीन सूत्रं घोकून घेतात: मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, सही ट्रिगर. मराठी मुलगी म्हणून मी पहिल्या दिवशी समजले की दुरुस्त शिस्त म्हणजे नीट वागणं. तिथे शिस्त म्हणजे नेम. मागची माशी, पुढची माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणणं म्हणजे शिस्त घेणं. जुन्या मराठीतही शिस्त धरणं म्हणजे नेम धरणं असा अर्थ होता. वागणुकीचा अर्थ आपण घट्ट धरून ठेवला आणि नेमाचा सोडून दिला. मी उस्तादांना हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही. "मग येगळं काय हाय?" म्हणाले आणि पुढच्या मुलाची मूठ बघायला गेले.

त्यांच्याकडे 'खाली आहे', म्हणजे रिकामं आहे, असं म्हणायला बंदी होती. शस्त्र खाली आहे हे बोलायचं नाही, दावायचं. मॅगझिन आधी काढायचं, मग स्लाइड मागे ओढायची, अडकवून धरायची, चेंबरमध्ये बघायचं आणि वर करंगळी घालून चाचपायचं. "डोळ्यावर इस्वास ठिवू नका. डोळा दमतो. करंगळी घाला." रात्री अंधारात हेच करायचं असतं, हे त्यामागचं कारण. क्रम उलटा झाला तर काय होतं ते त्यांनी डमी राउंड भरून पन्नास वेळा करून दाखवलं. आधी स्लाइड ओढली तर चेंबरमधली गोळी बाहेर उडते, आपल्याला वाटतं झालं खाली. पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली दुसरी गोळी आत ढकलते. मग मॅगझिन काढून ठेवलं तरी पिस्तूल भरलेलंच, आणि आता ते रिकामं असल्याची आपली खात्रीही झालेली. अपघात होतात ते बहुधा अशाच रिकाम्या पिस्तुलांनी.

पुढे वाचायला लागल्यावर जेफ कूपर या अमेरिकन मरीन अधिकाऱ्याचे चार नियम माझ्या हाती आले. त्यांनी १९७६ साली अॅरिझोनात पिस्तूल शिकवणारी शाळा काढली आणि जगभर आज त्यांचेच नियम शिकवतात. प्रत्येक शस्त्र भरलेलं आहे असंच माना. जे नष्ट करायचं नाही त्यावरून नळी फिरवू नका. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे ओळखल्याशिवाय गोळी नाही. वाचताना मला सारखा माणदेशी हेल ऐकू येत होता. उस्तादांनी कूपरचं नाव ऐकलं असण्याची शक्यता नाही. अनुभवाने माणूस त्याच जागी पोहोचतो.

प्रशिक्षण संपत आलं तेव्हा मी धीर करून त्यांना विचारलं, "उस्ताद, तुमच्या हातून किंवा तुमच्यासमोर कधी अपघात झाला होता का?" इतका काटेकोर माणूस कुठेतरी पोळलेला असणार अशी माझी समजूत. ते जरा बघत राहिले. "न्हाई. माझ्या गोळीबाराच्या बटावर एकबी झाला न्हाई. व्हायला कशाला पायजे?" त्या वेळी मला हे उत्तर साधं वाटलं. आज त्याची किंमत कळते. कोणाचा तरी जीव गेल्यावर सावध होणारे मी पुढे बरेच पाहिले. काहीही झालेलं नसताना, वर्षानुवर्षं, रोज सकाळी ट्रिगरला शाई फासणारा माणूस मी एकच पाहिला.

पासिंग आउटच्या दिवशी माझ्या खांद्यावर तारे लागले आणि उस्तादांनी मला खाडकन सॅल्यूट केला. आदल्या दिवसापर्यंत मी बत्तीस होते, आता मॅडम. मला वाकून पाया पडायचं होतं, गणवेशात ते करता येत नाही. मी सॅल्यूट परत केला. हात कपाळापाशी थरथरत होता, ते त्यांनी पाहिलं असणार. त्यांची नजर आधी माझ्या बोटांवर जायची.

नोकरीत पहिली काही वर्षं शिकवलेलं सगळं आपल्या अंगात आहे एवढंच माहीत होतं, त्याचा पडताळा आला नव्हता. एका पोलीस ठाण्यात सणाच्या बंदोबस्तावरून परतलेले लोक शस्त्रं जमा करत होते. रात्रीचे दोन वाजलेले, सगळे उभ्या-उभ्या पेंगत होते. एका सहकाऱ्याने पिस्तूल पुढे केलं. मॅगझिन काढलेलं, दुसऱ्या हातात. "खाली आहे मॅडम." मी ते घेतलं, नळी वाळूच्या पेटीकडे केली आणि हाताच्या सवयीने स्लाइड मागे ओढली. गोळी टप्पकन बाहेर पडली आणि उघड्या रजिस्टरवरून गडगडत जाऊन शाईच्या पेनाला अडली. तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी ज्येष्ठ, कामाला चोख माणूस. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी त्याला काही बोलले नाही. दमलेल्या माणसाचा क्रम उलटा झाला होता, इतकंच. दुसऱ्या दिवशी मी वाळूच्या पेटीवर पाटी लावली: आधी मॅगझिन.

आणि मग १९९८चा जानेवारी.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या परिसरात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडल्या होत्या. दरोड्यातला एक आरोपी तिथे लपलाय आणि त्याच्याकडे गावठी कट्टा आहे, अशी खबर. आम्ही पाच जण पहाटे साडेचारला शेतातून निघालो. धुकं होतं. तोडलेल्या उसाची धसकटं बुटांना टोचत होती. माझ्या उजव्या हातात पिस्तूल, गोळी चेंबरमध्ये, घोडा मागे. डाव्या हातात टॉर्च, विझलेला, अंगठा बटणावर. कोप्यांपर्यंत पोहोचेस्तोवर उजेड करायचा नाही असं ठरलं होतं. बांध ओलांडताना माझा पाय पाटात गेला. तोल गेला आणि त्याच क्षणी सहा-सात पावलांवर कोणीतरी उठून उभं राहिलं.

टॉर्च लागला. मी लावला नाही, लागला.

उजेडात एक बाई होती. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, हातात टमरेल. "अगं माय!" एवढंच तिच्या तोंडून निघालं आणि टमरेल धसकटांवर पडून वाजलं. पाणी सांडत तिच्या पायांपाशी आलं. माझं पिस्तूल तिच्या छातीवर रोखलेलं होतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मागच्या शिपायाने माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा मी नळी खाली केली. बाई थरथर कापत होती. मी तिला "बाई, चुकलं" म्हणाले. तिने टमरेल उचललं, माझ्याकडे न बघता कोप्यांकडे चालू लागली आणि थोडं गेल्यावर पळाली.

आरोपी तिथे नव्हता. दोन दिवसांनी दुसऱ्या तालुक्यात सापडला, आणि त्याच्याकडे कट्टाही नव्हता.

सकाळी चहाचा कप धरताना उजव्या तर्जनीला काहीतरी दुखलं. पेरावर मटारएवढा गोल, लालबुंद वळ उठला होता. त्या पिस्तुलात स्लाइड अडवणाऱ्या खटक्याची पीन आरपार जाते आणि तिचं टोक उजव्या बाजूला चौकटीवर जरासं बाहेर येतं, ट्रिगरच्या अगदी वर. माझं बोट त्या टोकावर इतक्या जोराने आवळलं गेलं होतं की त्याचा शिक्का उमटला. तेव्हा मला सगळा हिशेब लागला. माणूस दचकतो तेव्हा मूठ आपोआप आवळते. तोल जातो तेव्हाही. एका हाताने काही घट्ट पकडलं तर दुसऱ्या हाताची मूठही न सांगता आवळते. आणि तो जोर ट्रिगर ओढायला पुरून उरतो. पाटात पाय गेला त्या क्षणी या तिन्ही गोष्टी माझ्या अंगात एकदम घडल्या. डाव्या हाताची मूठ आवळली म्हणून अंगठ्याने बटण दाबलं आणि टॉर्च लागला. उजव्या हाताची मूठही तेवढ्याच जोराने आवळली होती. त्या हाताचं बोट बाहेर होतं.

स्टेशन डायरीत त्या पहाटेची नोंद मीच लिहिली. परिसरात शोध घेतला, आरोपी मिळून आला नाही. त्या बाईची नोंद कुठेही नाही. तिचं नाव मला माहीत नाही. बोलण्यावरून बीडकडची असावी. हंगाम संपून पट्टा पडल्यावर मुलंबाळं आणि भांडीकुंडी घेऊन गावी परत गेली असेल. उस्तादांच्या सेवापुस्तकात बक्षिसांच्या नोंदी असतील तर असतील, पण ही नसणार, कारण काही घडलंच नाही. माणसाचं ऋण आपण नेहमी त्याने केलेल्या गोष्टींचं मानतो. माझ्यावर न घडलेल्या गोष्टीचं ऋण आहे, आणि ते एकाच वेळी दोन घरांचं आहे, तिच्या आणि माझ्या.

पाच वर्षांनी, २००३ साली, मी त्यांना भेटायला गेले. निवृत्त होऊन ते गावी राहत होते. कडुलिंबाखाली खाट, चार शेळ्या, दावणीला एक म्हैस. मी साडीत होते, त्यामुळे पाया पडता आलं. त्यांना अवघडल्यासारखं झालं, पायही मागे घेतले. काकूंनी गुळाचा चहा केला. मी त्यांना ती पहाट सगळी सांगितली. वळ, टॉर्च, सांडलेलं पाणी. सांगताना माझा आवाज भरून आला. मला वाटलं, उस्तादांना बरं वाटेल, निदान मान तरी डोलावतील.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "नळी कुठं व्हती?"

मी गप्प झाले.

"बाईवर व्हती का न्हाई?"

"होती."

"बाईच्या मागं काय व्हतं?"

मागे कोप्या होत्या. पाचटाच्या. आत लेकरं झोपलेली होती. हे मी आजवर कोणापाशी बोलले नव्हते, स्वतःपाशीसुद्धा नाही. पाच वर्षं मी बोटावर खूश होते. पायाखालचं दिसत नसताना भरलेल्या पिस्तुलाची नळी समोर ठेवून मी धुक्यात चालले होते. ती जमिनीकडे हवी होती.

"बोटाचे मार्क घ्या मॅडम," उस्ताद म्हणाले. "बाकीच्यात नापास." मग काकूंना हाक मारून त्यांनी मला आणखी अर्धा कप चहा द्यायला सांगितला. परतीच्या एसटीत मी रडले, आणि त्या रडण्यात दुःख नव्हतं. दहा वर्षं उलटून गेल्यावर, तुमच्या खांद्यावरचे तारे न बघता, तुमची चूक तुम्हाला स्वच्छ दाखवणारा माणूस मिळणं याला भाग्य लागतं. त्यानंतर माझ्या हाताखालच्या प्रत्येक पथकाला छाप्याला निघण्याआधी मी नळी कुठे राहील ते आधी विचारलं, बाकीचं नंतर.

२०११ साली ते गेले. मला आठ महिन्यांनी कळलं.

ज्यांच्या घरी परवान्याचं शस्त्र आहे त्यांच्याविषयी मला इथे बोललं पाहिजे, कारण उस्तादांची शिकवण त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांना शस्त्रं जमा करायला बोलावतात. ठाण्यात अशा रांगा मी अनेकदा पाहिल्या. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर, आत सहाच्या सहा गोळ्या. वडिलांच्या वारशाने आलेलं पिस्तूल, जे उघडायचं कसं हे मुलाला ठाऊक नाही. टेबलावर ठेवताना नळी समोरच्या कारकुनाच्या पोटाकडे. माणसं सज्जन, कायदा पाळणारी. पण त्यांना कोणी हात धरून शिकवलेलंच नसतं. २०२४च्या १ ऑक्टोबरला पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली, ती बातमी महाराष्ट्राने वाचली. शस्त्र हातातून निसटलं असं सांगितलं गेलं. सुदैवाने ते बचावले. जुन्या बनावटीच्या काही रिव्हॉल्व्हरांत घोडा थेट काडतुसाच्या बुडावर टेकलेला असतो आणि शस्त्र पडलं तर तेवढा धक्का पुरतो. म्हणून जुनी जाणती माणसं घोड्याखालचं घर मोकळं ठेवत.

कायद्याने आपलं काम बरंच केलं आहे. २०१६च्या शस्त्र नियमांत परवाना मागणाऱ्याने सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण घेण्याची तरतूद आहे. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला बाळगता येणारी शस्त्रं तीनवरून दोनवर आणली, आणि लग्नात-वरातीत आनंदाच्या भरात गोळ्या झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. पण दाखल्याने बोट बाहेर राहत नाही. त्याला पाच आठवडे आणि चाराण्याचं नाणं लागतं.

खेळात हे फार सुंदर रीतीने रुजलं आहे आणि ते बघून मला समाधान वाटतं. माझी भाची कोल्हापूरला नेमबाजी शिकायची तेव्हा मी तिच्या रेंजवर जाऊन बसत असे. दहा-बारा वर्षांची पोरं, आणि प्रत्येकाच्या शस्त्राच्या चेंबरमध्ये भडक रंगाची दोरी खोवलेली, म्हणजे रिकामं असल्याची खूण लांबूनही दिसते. हुकमाशिवाय कोणी शस्त्राला हात लावत नव्हतं. त्याच कोल्हापूरची राही सरनोबत २५ मीटर पिस्तुलात २०१३ साली चांगवॉनला विश्वचषकाचं आणि २०१८ साली पालेमबांगला आशियाई खेळांचं सुवर्ण जिंकली. त्या प्रकारात ट्रिगरचा दाब किमान १००० ग्रॅम हवा, हवेच्या पिस्तुलाला तर ५०० ग्रॅम पुरतो. अर्धा किलो म्हणजे दुधाची एक पिशवी. एवढ्या हलक्या ट्रिगरपाशी लहान पोरं सुरक्षित असतात, कारण त्यांनी पहिला महिना काय करायचं नाही एवढंच शिकण्यात घालवलेला असतो.

मी २०२४ साली निवृत्त झाले. आता बँकेच्या दारात आणि एटीएमच्या गाडीबरोबर उभे राहणारे जे बंदूकधारी रक्षक असतात, त्यांना शिकवते. बहुतेकांच्या खांद्यावर बाराबोरची बंदूक. काही माजी सैनिक, ते तयारच असतात. पण काही जण कालपर्यंत शेतात होते आणि आज गर्दीच्या फुटपाथवर भरलेली बंदूक घेऊन उभे आहेत. त्यांच्यावर हसू नका, त्यांना कमी लेखू नका. बारा तास उभं राहून त्यांना मिळतं तरी किती? त्यांची बोटं कुठे आहेत हे मात्र मी रस्त्याने जाताना बघतेच. सवयच लागली आहे. कधी थांबते, आपली ओळख सांगते आणि हळूच म्हणते, "भाऊ, बोट बाहेर." आजवर एकानेही राग मानलेला नाही.

पहिला आठवडा मी त्यांना काडतूस देत नाही. पहिल्या संध्याकाळी रांगेत उभं करून हात पुढे करायला लावते. मागच्या तुकडीत पंचावन्न वर्षांचे एक गृहस्थ होते, दोन नातवंडांचे आजोबा. बोट निळं निघालं तेव्हा लहान मुलासारखे ओशाळले. चौथ्या दिवशी स्वच्छ निघालं तेव्हा त्यांनी ते मला दोनदा दाखवलं.

येत्या सोमवारी नवी तुकडी येते आहे. सतरा जण आहेत. शाईची डबी मी कालच आणून ठेवली.